वाट बघणारा पाय

नांदेड
८ ऑक्टोबर

पुनम यांस,

सप्रेम नमस्कार. मी इकडे बरा आहे, तुम्हीही बऱ्या असाल. तुमच्या आई-बाबांना माझा नमस्कार सांगा असं लिहायची पद्धत आहे. पण हे पत्र आल्याचं तुम्ही त्यांना सांगाल की नाही ते मला माहीत नाही, म्हणून तो नमस्कार तुमच्या मर्जीवर सोडतो.

पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, राग नसावा. बघण्याच्या कार्यक्रमानंतर आपण फोनवर दोनदा बोललो. दोन्ही वेळेस तुमच्या भावाने, सत्यमने, फोन स्पीकरवर ठेवला होता आणि मागून तुमच्या आई 'जेवले का ते विचार' असं म्हणत होत्या, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. दोन्ही वेळेस मी जेवलो होतो. त्याच्या पुढं आपली गाडी काही गेली नाही. मग व्हॉट्सॲपवर लिहायला बसलो, तर चार ओळी लिहायच्या आणि पुसायच्या. तुमच्याकडे नुसतंच 'टाइपिंग' दिसत असेल आणि येत काहीच नसेल. माणूस येडा आहे असं तुम्हाला वाटायच्या आत कागद घेतलेला बरा, म्हटलं.

मी काय करतो ते आमच्या शेषेराव काकांनी तुमच्या बैठकीत सांगितलंच. 'पोरगं मुंगळ्याच्या पायावर पीएचडी करून राहिलंय', आणि तुमचे बाबा हसू दाबायला खोकले. काकांचं खोटं नाही, अर्धं आहे. इथं कॉलेजात आम्ही सहा पायांचं एक यंत्र बनवतोय. पाऊस लागून राहिला की आपल्या काळ्या रानात चाकाचं काही जात नाही, ट्रॅक्टरसुद्धा रुततो. मुंगळा मात्र त्याच चिखलावरून तुरुतुरु निघून जातो. तो कसा जातो ते बघायचं आणि तसे पाय यंत्राला द्यायचे, म्हणजे ते सोयाबीनमध्ये फिरून कुठं कीड पडली, कुठं पाणी साचलं ते बघून येईल. माझं काम एवढंच. काचेवर मुंगळा सोडतो, काचेखाली कॅमेरा ठेवतो, आणि मग तेच चालणं हळू करून पुन्हा पुन्हा बघत बसतो. मुंगळा एका वेळी तीन पाय टेकवतो आणि तीन उचलतो. टेकवलेल्यांत एका बाजूचा पुढचा आणि मागचा, दुसऱ्या बाजूचा मधला. म्हणजे चालतानाही बेटा कायम तिपाईवर उभा. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला होता.

आमच्या यंत्राला मात्र पोरं म्हैस म्हणतात, कारण चिखल दिसला की ते बसकण मारतं.

आता हे सगळं मी तुम्हाला का लिहून राहिलो? एवढं लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो, एकदा उगाच गॅलरीत जाऊन आलो. मूळ गोष्टीवर यायचं म्हटलं की पेन दुसरीकडं पळतंय. अजून थोडं मुंगळ्याचंच ऐका, मग येतो.

मुंगळ्याचा एक पाय निकामी झाला तर तो काय करतो, हे बघणं माझ्या कामाचा मोठा भाग आहे. डिंकाचा थेंब लावून एक पाय जखडून टाकायचा. मला वाटलं होतं, गडी आता गोल गोल फिरणार. थोडा वेळ फिरतोही. मग बाकीचे पाय आपापली पावलं बदलतात. अधू पाय अधूच राहतो, पण त्याच्या समोरच्या बाजूचा चांगला पाय पाऊल आखडतं घ्यायला लागतो, मध्येच जरा थांबतो, आणि मुंगळा सरळ निघतो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. काचेखालून बघितलं तर कळतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन आलात. आमचे काका देवणीच्या बाजारातले नावाजलेले पारखी आहेत. बैल घ्यायचा म्हटलं की लोक त्यांना गाडी पाठवून घेऊन जातात, आणि बैलाला चार पावलं चालवलं की कोणत्या खुरात खोट आहे ते काका सांगतात. तुम्ही ट्रे ठेवून बसणार तेवढ्यात ते म्हणाले, "बाळ, जरा त्या खिडकीपातुर जाऊन ये बरं." मला तिथल्या तिथं उठून जावंसं वाटलं. गेलो नाही. आई पदराच्या टोकाकडं बघत बसली. तुम्ही गेलात आणि आलात, आणि काकांनी मान डोलावली.

पुनम, तुमचा उजवा पाय वाट बघत होता.

बस, लिहिलं एकदाचं. डावा पाय टेकून सावरेपर्यंत उजवा आहे तिथं थांबायचा आणि मग आखूड पाऊल टाकायचा. कमरेला हिसका नाही, खांदा हलला नाही, पदर जागचा सरकला नाही. काकांना दिसलं नाही, आईला दिसलं नाही. मला दिसलं, कारण एवढी वर्षं मी दुसरं काही बघितलेलंच नाही.

परतताना जीपमध्ये काकांनी मागं वळून विचारलं, "काय रे पायाच्या डॉक्टर, तुला काय दिसलं?"

"काही नाही," मी म्हटलं.

काका गमतीनं विचारत होते, आणि मी गमतीनंच उत्तर दिलं असं सगळ्यांना वाटलं. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. कॉलेजात बसवत नाही, खोलीवर करमत नाही. गोदावरीच्या घाटावर जातो आणि लोकांचे पाय बघत परत येतो.

आणखी एक आहे, ते याहून वाईट. म्हशीच्या डाव्या बाजूच्या मधल्या पायाची मोटर कमजोर आहे आणि नवी काही येईना. त्यामुळं ती डावीकडं गोल फिरायची. मुंगळा काय करतो ते मला माहीत होतं, पण मुंगळा पडला हलका. एवढ्या जड यंत्राला ते झेपेल असं वाटलं नव्हतं, म्हणून मी त्या कमजोर पायालाच जोर देत बसलो होतो. माणसाच्या वजनाला ते झेपतं, हे मला तुमच्या बैठकीत कळलं. लातूरहून आलो आणि दुसऱ्याच दिवशी म्हशीच्या उजव्या पायाला थांबायला लावलं. तुमच्यासारखं. म्हैस चिखलाच्या हौदातून सरळ पलीकडं गेली. सगळे टाळ्या वाजवून राहिले, सरांनी पाठ थोपटली आणि विचारलं, हे कुठून सुचलं? मी म्हटलं, मुंगळ्यावरून. तुमचं नाव कसं घेणार होतो?

म्हणून तुम्हाला शब्द देतो. माझ्याकडून ही गोष्ट कुणालाही कळणार नाही, आईलासुद्धा नाही. तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा ठरतोय, तो तसाच होईल. आमच्या गावाकडच्या घरात सगळीकडं फरशी आहे, उंबरेही फारसे नाहीत. तुम्हाला सवय होऊन जाईल. तुम्ही काही काळजी करायची नाही, मी सांभाळून घेईन.

तुम्ही मला आवडलात. हे वर पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होतं, पण तिथं धीर झाला नाही.

वाचून झालं की पत्र फाडून टाका.

दिलेला शब्द पाळणारा,
वैजनाथ


लातूर
१५ ऑक्टोबर

श्री. वैजनाथ यांस,

नमस्कार. पत्र पोचलं. शाळेच्या मावशींनी ते थेट वर्गात आणून दिलं आणि चौथीच्या पोरांनी 'बाई, कुणाचं, बाई, कुणाचं' करून भंडावून सोडलं. बँकेचं आहे म्हणून सांगितलं. फाडलेलं नाही. फाडून टाका असं लिहिलेलं पत्र कुणी फाडत असतं का?

तुम्ही बघत होतात ते मला दिसलं होतं. बाकी सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि तुम्ही एकटे फरशीकडं. मला वाटलं मुलगा लाजाळू आहे. पाहुणे गेल्यावर आईलाही मी तसंच सांगितलं, आणि खरं सांगते, मला ते आवडलं होतं. तुमचं पत्र वाचून तोंडावर पडले.

आता ऐका. पाचवीत असताना मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले. मांडीचं हाड जुळलं, पण आखूड जुळलं. डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. आधीच्या दोन स्थळांना बाबांनी पहिल्या फोनवरच सांगून टाकलं होतं. एकांनी 'कळवतो' म्हटलं, दुसऱ्यांनी तेवढंही म्हटलं नाही. म्हणून तुमच्या वेळेस आई म्हणाली, या खेपेला आधी बघू देत, मग सांगू. मी नको म्हटलं, तर तिनं माझ्यापुढं हात जोडले. आईनं हात जोडल्यावर लेकीनं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. ट्रे मुद्दाम जड भरला होता. हातात ओझं असलं की बाई हळू चालली तरी कुणाला काही वाटत नाही. तुमच्या काकांनी ट्रे खाली ठेवल्यावर चालवलं, तिथं आमचा हिशोब चुकला. खिडकीकडं जाताना मला देवणीचा बाजारच आठवला. शेपूट पिळायची तेवढी राहिली होती.

'मग सांगू' असं घरात ठरलं होतं, पण ते 'मग' काही येऊन नाही राहिलं. घरात साखरपुड्याच्या साड्या बघणं चालू आहे. मी रोज बाबांकडं बघते, आज फोन करतील, उद्या करतील. ते माझी नजर चुकवून पेपर उघडतात. आणि अशात तुमचा शब्द आला.

तो शब्द मला नको. मी खूश होईन असं तुम्हाला वाटलं असेल. आतापर्यंत लपवायला आई, बाबा आणि मी होतो, आता त्यात तुम्ही. म्हणजे माहेरी जे लपवलं तेच सासरी नवऱ्याच्या मदतीनं लपवायचं, चूल ते अंगण, जन्मभर. फरशीची सवय होईल म्हणता. अहो, फरशीची सवय मला आहेच. शाळेत मी अशी चालत नाही. शाळेत डावीकडं झुकून, खांदा हलवत, जशी येते तशी चालते. पोरं पाठीमागं माझी नक्कल करतात. मोठ्या बाई त्यांच्यावर ओरडतात, मला मात्र हसू येतं. एक-दोघं तर फार हुबेहूब करतात.

आणि तुमच्या म्हशीचं. माझी चाल तिला दिली म्हणता. ती माझी चाल नव्हेच. ती पाहुण्यांपुरती चाल आहे, खिडकीपर्यंत जाऊन येण्यापुरती. त्या चालीनं मी भाजी आणायलासुद्धा जाऊ शकत नाही. तुमची म्हैस त्या हौदातून बाहेर काढा आणि जरा लांब चालवून बघा.

घरी सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. मी तुम्हाला काय लिहिलंय ते आज रात्रीच्या जेवणाला बाबांना सांगणार आहे, त्यामुळं आता कुणी कुणाला चुकवायचं कारण उरणार नाही. ऐकून तुमच्या आई नाही म्हणाल्या तर नाही. दोन नकार पचवलेत, तिसऱ्यानं मी काही मरत नाही. पण होकार चोरून आणलेला नको.

आवडलात म्हणून लिहिलंत. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एवढाले कागद माझ्या पायावर लिहिलेत आणि मला एक साधी गोष्ट विचारली नाहीत. कोणती, ते मी सांगणार नाही. पायाचे डॉक्टर आहात, शोधून काढा.

उद्यापासून शाळेला दिवाळीची सुट्टी. उत्तर द्यायचं असेल तर घरच्या पत्त्यावर द्या, पाकिटामागं लिहिलाय. घरचे आधी उघडतील. उघडू द्या.

हे पत्र टाकायला मी शाळेपासून पोस्टापर्यंत चालत जाणार आहे. जशी चालते तशी.

पुनम

(वर 'आपली' लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलेलं नाही.)


देवणी
२७ ऑक्टोबर

पुनम यांस, आणि हे पाकीट आधी उघडणारे सत्यम, आई, बाबा, सगळ्यांस,

मनापासून नमस्कार. यावेळी कुणाच्या मर्जीवर सोडलेला नाही.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी म्हशीला हौदातून काढून कॉलेजच्या मैदानावर नेलं. आदल्या दिवशीच्या सरींनी मैदान चांगलं चिकट झालं होतं. ती सरळ जात राहिली, जात राहिली, आणि मी मनात म्हटलं, बाई चुकल्या. मग वास यायला लागला. पळत जाऊन हात लावला तर बोट भाजलं. तापली होती ती उजव्या पायाची मोटर, चांगल्या पायाची. कमजोर पायाची गारच होती. तो थांबणारा पाय नुसता थांबत नव्हता, सगळा भार घेऊन थांबत होता. मी मुंगळ्यांचं एवढं चित्रण केलं, पण कुठलाच मुंगळा काचेच्या टोकाच्या पुढं जाऊ दिला नव्हता. सरांना जाऊन सांगितलं की ही चाल खोटी आहे आणि ती मुंगळ्याची नव्हती, मी एका बाईंची न विचारता घेतली होती. दिवाळीनंतर पुन्हा सुरुवातीपासून लागा म्हणाले. आता तिला झुकून, डोलत चालायला शिकवायचंय. दिसायला ती बरी दिसणार नाही, पण बहुतेक लांब जाईल.

घरी पाडव्याला सांगितलं. जेवणं झाली होती, काका सुपारी कातरत बसले होते. आधी त्यांना पटेचना. मग अडकित्ता ठेवून उभेच राहिले. मुलीकडच्यांनी फसवलं याचा राग कमी आणि आपल्याला दिसलं नाही याचा जास्त. "आरं, मी खुरातला खिळा वळखतो, आन् मला न्हाई दिसलं?" असं तीनतीनदा म्हणाले. मग म्हणाले, हे स्थळ मोडलं म्हणून समजा, आणि मोडत नसेल तर मी काही साखरपुड्याला येत नाही. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घराकडं पाऊल टाकलेलं नाही. भावकीत सगळीकडं सांगत फिरून राहिलेत.

मी म्हटलं, काका, त्यांनी सांगितलं नाही हे खरं, पण चालवलं आपण, आणि दिसूनही मी गप्प बसलो. तेव्हा फसवणाऱ्यांत मीही आहे. त्यावर ते मला जे बोलले ते तुमच्या घरी सगळे वाचणार म्हणून लिहीत नाही.

आई एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, भाऊबीजेला नाही. मी घरात येरझाऱ्या घालत होतो आणि मनातल्या मनात भाषणं तयार करत होतो. ती रागावली असती तर एकेका बोलण्याला उत्तर होतं माझ्याकडं. ती रागवेचना. परवा ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मला राहवेना. मोबाइल घेऊन तिच्यापाशी बसलो आणि म्हशीच्या चालण्याचा व्हिडिओ लावला. हा कमजोर पाय, हा थांबतो तो चांगला पाय, याच्यावर असा भार येतो, इथं मोटर तापते. मास्तरासारखा बोट ठेवून दाखवत होतो. आईनं जुडी बाजूला ठेवली, हात पुसले आणि पुन्हा एकदा लाव म्हणाली. पूर्ण बघितलं. मग मला विचारलं,

"आन् दुखतं का रं तिला?"

मला माहीत नव्हतं. तुमची पावलं माहीत होती, ती कुठं आखडतात, कुठं थांबतात, हे माहीत होतं, यंत्राची मोटर हात लावून बघितली होती. हे विचारलं नव्हतं. तुम्ही पत्रात लिहिलेली साधी गोष्ट हीच ना? ती मी शोधून काढलेली नाही, आईला सापडली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत मेथी निवडायला लागली. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की उठून गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

येत्या रविवारी मी आणि आई लातूरला येतोय. बघायला नाही, भेटायला, असं आईनंच सांगायला सांगितलंय. तिचा होकार आहे की नाही हे तिनं मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही, ती तुमच्याशी बोलल्यावर ठरवेल. काका येणार नाहीत. माझं विचाराल तर माझा होकार आहे, आणि तो आता घरात, भावकीत, कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तर त्यांनाही तसं सांगेन.

चहाचा ट्रे नको. आम्हीच आत येऊन घेऊ. आणि तुम्ही शाळेत येता तशा या.

तोवर एवढंच विचारतो. आधी आईनं विचारलं, पण विचारायचं मी होतं, पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीत. रविवारी सगळ्यांसमोर सांगितलंत तरी चालेल, एकटीनं सांगितलंत तरी चालेल, आणि सांगावंसं वाटलं नाही तरी मी पुन्हा विचारेन.

दुखतं का?

वाट बघत,
वैजनाथ